‘येत नाही’ म्हणण्याचे धैर्य

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट. शाळा सुटून बराच वेळ झाला होता. शिपाईमामा वर्गांच्या खिडक्या लावीत फिरत होते, आणि मी शिक्षकांच्या खोलीत दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर तपाशीत बसले होते. इतक्यात दारातून “बाई, येऊ का आत?” असा आवाज आला. आवाज ओळखीचा होता. चार वर्षांपूर्वी माझ्याच वर्गातून दहावी होऊन गेलेला तो विद्यार्थी. त्याचे नाव मी येथे देत नाही. त्याची तशीच इच्छा आहे.

आपले जुने विद्यार्थी पहिल्या पगाराच्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेत येतात, ही येथील जुनी चाल आहे. ह्याच्या हाती पुडा नव्हता. उजवा हात त्याने पँटच्या खिशात घातला होता, आणि वडीलधाऱ्यांसमोर खिशात हात घालून उभा राहणारा हा मुलगा नव्हे हे मला पक्के ठाऊक होते. मी त्यास बसावयास सांगितले. त्याने डाव्या हाताने खुर्ची ओढली, क्षणभर खाली पाहिले, आणि मग उजवा हात बाहेर काढून टेबलावर ठेविला. तर्जनी आणि मधले बोट ह्यांची वरची पेरे नव्हती.

हकीकत त्याने हळूहळू सांगितली. आय. टी. आय. पूर्ण करून तो चाकणच्या पलीकडील एका लहान कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागला होता. मोटारगाड्यांचे बारीकसारीक पत्र्याचे भाग तेथे प्रेसवर कापून व वाकवून तयार होत असत. पहिले दोन महिने त्याने जॉब मोजणे, पेट्या भरणे, तेल पुसणे अशी कामे केली आणि जाता-येता प्रेस चालताना पाहिली. तिसऱ्या महिन्यात एका रात्रपाळीस नेहमीचा ऑपरेटर आला नाही. सकाळी माल जावयाचा होता. सुपरवायझर त्यास म्हणाला, “तू रोज बघतोस ना? तूच उभा राहा आज. मी आहेच मागे.” इतके बोलून तो दुसऱ्या शेडमध्ये गेला, कारण त्या रात्री दोन्ही शेड एकट्या त्याच्याच अंगावर होत्या.

प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी ती एकाच वेळी दाबिली म्हणजेच वरचा भाग खाली यावा, अशी मूळ योजना असते. दोन्ही हात बटणांवर असले की ते साहजिकच साच्याबाहेर राहतात. परंतु काम भराभर उरकावे म्हणून कोणी एक बटण कायमचे अडकवून ठेविले होते. हे ह्या मुलाने पाहिले होते. पण त्याचा अर्थ काय, हे त्यास कोणी सांगितले नव्हते. पहाटे तीनच्या सुमारास एक जॉब साच्यात अडकला. जाणत्या ऑपरेटरने मशीन बंद केले असते आणि चिमट्याने जॉब काढिला असता. ह्याने हात घातला.

सगळे सांगून झाल्यावर तो म्हणाला, “बाई, ‘मला हे मशीन येत नाही’ एवढं एकदा बोललो असतो तर वाचलो असतो. पण बोलवेना. तुमच्या वर्गात ते चालत नव्हतं ना.”

हे तो हसून म्हणाला. त्याच्या मनात माझ्याविषयी रोष नव्हता. परंतु ते शब्द ऐकून माझ्या हातातील लाल पेन्सिल गळून पडली. आमच्या वर्गात फळ्याच्या वर जाड पुठ्ठ्याची एक पाटी होती, आणि तीवर माझ्याच अक्षरांत लिहिले होते: “‘येत नाही’ हे शब्द ह्या वर्गात कोणी उच्चारू नयेत.” ती पाटी मी अकरा वर्षांपूर्वी लाविली होती. तिचे मला कौतुकही वाटत असे. शाळातपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी तिची एकदा प्रशंसा केली होती.

विद्यार्थिमित्रहो, त्या सायंकाळपासून हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही: अनुभव नसलेल्या तरुणाच्या खांद्यावर अनुभवी माणसाचे ओझे ठेवावे की ठेवू नये? आणि ठेविले, तर कोणी काय करावे? हा प्रश्न तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरचा आहे, म्हणून त्याविषयी येथे थोडे मोकळेपणी लिहीत आहे.

आपला हा टापू कारखान्यांचा आहे. पण तो काही पूर्वीपासून तसा नव्हता. चाकण म्हटले की लोकांस संग्रामदुर्ग आठवे. १६६० साली फिरंगोजी नरसाळा ह्यांनी शायिस्तेखानाच्या प्रचंड सैन्यापुढे सुमारे दोन महिने झुंजविलेला तो किल्ला. नाही तर चाकणचा कांदा आठवे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि शेतांच्या जागी शेड उभ्या राहिल्या. आकुर्डीस बजाज, पिंपरीस टेल्को असे मोठे कारखाने आले. गावांची १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. चाकणकडे हा ओघ त्यानंतर वळला. २००९ साली तेथे फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, आणि मागोमाग इतर अनेक आले. प्रत्येक मोठ्या कारखान्याच्या पाठीशी त्याला भाग पुरविणाऱ्या लहान शेडची रांगच असते. भोसरी, तळवडे, कुरुळी, निघोजे, महाळुंगे ह्या गावांतून अशा शेड दाटीने उभ्या आहेत. आपल्या शाळेतील कित्येक मुलांचे वडील त्यांत काम करितात, काहींच्या त्या स्वतःच्या मालकीच्याही आहेत. आणि दरवर्षी आपल्या शाळेतून बाहेर पडणारी मुले दोन-तीन वर्षांच्या आत त्याच शेडच्या दारात शिकाऊ म्हणून उभी राहतात.

पिंपरीच्या त्या पहिल्या कारखान्याची गोष्ट ह्या प्रश्नाच्या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे. पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर तयार करण्याचा अनुभव तेव्हा आपल्या देशात नव्हता. म्हणजे तेथे कामास लागलेला जवळजवळ प्रत्येक तरुण आपल्या अनुभवाच्या बाहेरची जबाबदारी उचलीत होता. तरीही कारखाना उभा राहिला आणि चालला. कारण काय? युनिसेफकडून यंत्रसामग्री मिळाली, तशी जागतिक आरोग्य संघटनेकडून तांत्रिक साहाय्यही मिळाले. यंत्र दिले आणि ते जाणणारा दिला नाही, असे झाले नाही. टेल्कोनेही पुण्याच्या कारखान्याबरोबर शिकाऊ उमेदवारांच्या शिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था केली, आणि तिचे धुरीण सुमंत मुळगावकर ह्यांचा अशा शिक्षणावर मोठा कटाक्ष होता. तेव्हा नवख्यास मोठे काम देणे ही आपल्या टापूत नवी गोष्ट नव्हे. हा टापूच नवख्यांच्या हातांनी उभा राहिला आहे.

ह्यावर काही पालक म्हणतात, “बाई, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही.” हे अगदी खरे आहे. परंतु आपल्या गावांत पोहणे शिकवितात कसे, ते आठवून पाहावे. माझे बालपण इंद्रायणीकाठच्या एका खेड्यात गेले. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना पोहावयास विहिरीवर नेत. पाठीला कोरडा भोपळा नाही तर रिकामा डबा बांधीत, कमरेला दोर लावीत, आणि दोराचे दुसरे टोक काठावरच्या मामाच्या किंवा काकाच्या मुठीत असे. मग पोराला ढकलून देत. पोर नाकातोंडात पाणी जाऊन रडे, काठावरची मंडळी हसत. पण दोर धरणारा हसत नसे. त्याची नजर पाण्यावरून हलत नसे. चार-आठ दिवसांनी भोपळा सुटे, पुढे दोर सैल होई, आणि एके दिवशी पोराच्या नकळत तो सोडूनही दिला जाई. पाण्यात ढकलणे ही त्या शिक्षणातील अर्धीच गोष्ट होती. आज पुष्कळ ठिकाणी ढकलणे तेवढे राहिले आहे आणि दोर विसरला गेला आहे.

हे मी दुसऱ्यास दोष देण्यासाठी लिहीत नाही. अशीच एक गोष्ट माझ्याही हातून घडलेली आहे, आणि आजवर ती मी कोठे लिहिली नव्हती.

बी. एड. ची परीक्षा देऊन मी एका दूरच्या शाळेत प्रथम नोकरीस लागले, तेव्हा माझे वय २३ वर्षांचे होते. शाळेला जोडून मुलींचे वसतिगृह होते. मी रुजू होऊन महिना झाला नसेल, तोच वसतिगृहाच्या मेट्रनबाई प्रकृतीच्या कारणाने सोडून गेल्या. दुसरी व्यवस्था होईपर्यंत ते काम मजकडे देण्यात आले. साठांवर मुली होत्या. सगळ्यांत मोठी मुलगी मजहून सहा-सात वर्षांनीच लहान असेल. “काही अडले तर आम्ही आहोतच,” असे मला सांगण्यात आले. मला त्या नेमणुकीचा अभिमान वाटला. घरी पत्र लिहून मी आईला ते कळविलेही.

पावसाळ्यातील एका रात्री पाचवीतील एका मुलीस ताप भरला. मी कपाळावर पाण्याच्या घड्या ठेविल्या, तापाची गोळी दिली. बाराच्या सुमारास ती मान दुखते म्हणून रडू लागली. दिव्याचा उजेड तिला सोसेना. हे लक्षण साधे नव्हे, असे मनात कोठेतरी वाटत होते. मोठ्या बाईंचे घर आवाराच्या दुसऱ्या टोकास होते. पाच मिनिटांची वाट. तीन वेळा मी छत्री घेऊन दारापर्यंत गेले आणि तीन वेळा परत फिरले. मनात एकच विचार येई: एका तापाने घाबरून अपरात्री दार ठोठावले, तर हिला काही येत नाही असे त्या म्हणतील. पहाटे स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मावशी उठून आल्या. त्यांनी मुलीकडे एकदा पाहिले, मला एक शब्दही विचारला नाही, आणि पदर डोक्यावर घेऊन त्या भर पावसात मोठ्या बाईंकडे निघाल्या. उजाडावयाच्या आत मुलगी इस्पितळात होती. मेंदूच्या आवरणाचा तो दाह होता. ती वाचली, परंतु एका कानाने तिला त्यानंतर ऐकू येईनासे झाले. “रात्रीच आणायला हवी होती,” एवढेच डॉक्टर म्हणाले.

मोठ्या बाई मला रागे भरल्या नाहीत. “मला उठवलं का नाहीस?” इतकेच त्यांनी विचारले. मजजवळ उत्तर नव्हते. आणि आता इतक्या वर्षांनी मला असे दिसते की, त्यांच्याजवळही एका प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्या महिन्यात एकदाही, एका रात्रीपुरत्या तरी, त्या वसतिगृहात येऊन माझ्यापाशी बसल्या नव्हत्या. त्या ‘आहोतच’ म्हणाल्या होत्या. आणि त्या होत्याही, पाच मिनिटांच्या वाटेवर. परंतु नवख्या माणसाला अपरात्री ती पाच मिनिटांची वाट किती लांब असते, हे अनुभवी माणूस विसरून जातो.

ह्यापेक्षा आश्चर्याची गोष्ट ही की, एवढा धडा मिळाल्यावरही पुढे स्वतःच्या वर्गात मी ती पाटी लाविली. मुलांनी प्रयत्न न करता हात टेकू नयेत, हा माझा हेतू होता, आणि तो हेतू मला आजही चूक वाटत नाही. परंतु ‘येत नाही’ ह्याचे दोन अर्थ आहेत. एक आळशाचा: येत नाही, म्हणून मी करणार नाही. दुसरा शिकणाऱ्याचा: येत नाही, म्हणून मला दाखवा. मी पहिल्याला आळा घालावयास गेले आणि दुसऱ्याचेही तोंड बंद करून बसले. वसतिगृहातील त्या रात्री मला छळणारी लाजच मी वर्षानुवर्षे मुलांच्या हाती शिदोरी म्हणून देत आले.

अभिमन्यूची कथा तुम्हा सर्वांस ठाऊक आहे. चक्रव्यूहात शिरणे त्याला येत होते. बाहेर पडणे येत नव्हते. ही गोष्ट त्याने लपविली नाही. वडीलधाऱ्यांस ती त्याने स्पष्ट सांगितली. त्यावर ते म्हणाले की, तू वाट कर, आम्ही पाठोपाठ येतो. परंतु जयद्रथाने त्यांना दारातच अडविले, आणि सोळा वर्षांचा मुलगा आत एकटा राहिला. आपण अभिमन्यूच्या शौर्याची स्तुती करितो, आणि ती योग्यच आहे. पण ‘पाठोपाठ येतो’ हे वचन देताना, येता न आल्यास काय, ह्याचा विचार वडिलांनी करावयास नको होता काय? त्या रात्री चाकणच्या शेडमध्ये “मी आहेच मागे” असे म्हणणारा सुपरवायझरही मनाने वाईट नव्हता. मुलाने मला सांगितले की, तो स्वतःच सव्वीस वर्षांचा होता, आणि त्यालाही दोन शेड सांभाळण्याचे काम नवीनच मिळाले होते. रक्त पाहून तोच प्रथम रडू लागला. म्हणजे एका नवख्याच्या पाठीशी दुसरा नवखाच उभा होता, आणि त्याच्या पाठीशी कोणीच नव्हते.

दुसरी कथा दावीदाची. गल्याथाशी लढावयास निघालेल्या त्या मेंढपाळ मुलास शौल राजाने आपले चिलखत घातले, शिरस्त्राण घातले, कमरेला तरवार बांधिली. दावीदाने चार पावले टाकून पाहिली आणि राजाच्या तोंडावर सांगितले की, मला ह्याची सवय नाही. मला हे घालून चालता येत नाही. आणि त्याने ते सर्व उतरून ठेविले. गोफण आणि पाच गोटे आपणांस आठवतात. परंतु त्याआधीचे हे धैर्य आपण विसरतो. राक्षसासमोर उभे राहण्यापूर्वी तो राजासमोर ‘येत नाही’ म्हणू शकला. मला वाटते, दुसरे धैर्य पहिल्यातूनच आले.

आता कायद्याविषयी थोडेसे. कारण ते आपल्या मुलांस कोणी सांगत नाही. १९४८ साली आपल्या देशात कारखान्यांचा जो कायदा झाला, त्यात धोक्याच्या यंत्रांविषयी असे कलम होते की, अठरा वर्षांखालील कोणासही त्या यंत्राचे धोके आणि घ्यावयाची काळजी पूर्ण समजावून दिल्यावाचून त्यावर उभे करू नये. शिवाय एक तर त्यास त्या यंत्राचे पुरेसे शिक्षण मिळालेले असावे, किंवा ते यंत्र पूर्णपणे जाणणाऱ्या अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली तो असावा. किती शहाणपणाचे कलम आहे हे! माझा विद्यार्थी एकोणीस वर्षांचा होता, म्हणून ते त्याला लागू नव्हते. पण अठरावा वाढदिवस झाला म्हणजे बोटांना अनुभव येतो, असे थोडेच आहे?

शिकाऊ उमेदवारांचा स्वतंत्र कायदा १९६१ सालचा. त्यात असे स्पष्ट म्हटले आहे की, उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. मालक स्वतः त्या कामात पारंगत नसेल, तर योग्य पात्रतेचा मनुष्य उमेदवाराच्या शिक्षणावर नेमणे ही मालकाची जबाबदारी आहे. मन लावून शिकणे आणि रास्त आज्ञा पाळणे हे उमेदवाराचे कर्तव्य आहे. ‘शिकणारा आहे, कामगार नव्हे’ ह्या वाक्याचा आधार घेऊन उमेदवारास कामगाराचा पगार नाकारता येतो, हे सर्वांस ठाऊक असते. पण त्याच वाक्याची दुसरी बाजू अशी की, कामगाराचे ओझेही त्याच्यावर एकट्यावर टाकता येणार नाही. तो शिकणारा असेल तर त्यास शिकवावे. तो कामगार असेल तर त्यास कामगाराचे दाम द्यावे. वेतन ठरविताना शिकणारा आणि काम नेमताना कामगार, असा दुटप्पी हिशेब कोणत्याही वहीत जुळत नाही.

अलीकडे अशा शिकण्याच्या संधी वाढल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. २०१६ साली केंद्र सरकारने शिकाऊ उमेदवारीस उत्तेजन देणारी राष्ट्रीय योजना काढिली. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली, तेव्हा बारावी झालेल्यास दरमहा ६,००० रुपये, आय. टी. आय. किंवा पदविका झालेल्यास ८,००० रुपये आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरविले होते. गरीब घरास हे पैसे मोलाचे आहेत. तथापि मुलगा कामावरून परत आला म्हणजे पालकांनी “किती मिळाले?” एवढेच विचारून थांबू नये. “आज काय शिकलास? कोणी शिकविले?” हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नास चार दिवस उत्तर मिळाले नाही, तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

सर्वत्र असेच चालते, असा कोणी समज करून घेऊ नये. आपल्या शाळेचीच एक मुलगी पदविका घेऊन चाकण भागातील एका कारखान्यात उमेदवारीस लागली. तिला जॉब तपासण्याचे काम मिळाले. तेथील फोरमन हे पन्नाशी उलटलेले गृहस्थ. त्यांनी तिला दीड महिना आपल्या शेजारी उभे केले. आधी ते मोजीत व ती पाही; मग ती मोजी व ते पाहत. त्यानंतर एके दिवशी ते म्हणाले, “आजपासून ही लाइन तुझी, बाळ. मी त्या खांबापाशी आहे.” आणि खरोखरच ते आठवडाभर त्या खांबापाशीच होते. चौथ्या दिवशी तिने चुकीचे माप धरून एक पेटी पास केली. दुपारी ते तिच्या स्वतःच्याच ध्यानात आले. ती खांबापाशी गेली आणि म्हणाली, “काका, माझी चूक झाली.” त्यांनी पेटी परत मागविली, तिच्याकडून सगळे जॉब पुन्हा मोजून घेतले, आणि संध्याकाळी चहा पाजला. ती मुलगी मला सांगत होती की, त्या दिवशी मला माप घेणे आले, आणि चूक सांगणेही आले. तिच्यावरही तिच्या अनुभवाबाहेरची जबाबदारी टाकिली होती; परंतु खांब दहा पावलांवर होता आणि खांबापाशी माणूस होता.

मला वाटते, साऱ्या प्रश्नाचे उत्तर ह्या दहा पावलांत आहे. तरुणावर त्याच्या आवाक्याहून थोडे मोठे काम अवश्य टाकावे. नाही तर त्याचा आवाका वाढणार कसा? परंतु काम टाकणाऱ्याने हाकेच्या अंतरावर राहावे. आणि हाक मारणाऱ्यास हाक मारल्याबद्दल लाजवू नये.

पालकहो, तुमच्यापैकी कोणी सुपरवायझर आहेत, कोणी सेटर आहेत, कोणी चार मशीनच्या शेडचे मालक आहेत. मालाची घाई मला समजत नाही असे नाही. ट्रक दारात उभा असताना पाटीवरचे सुविचार सुचत नाहीत. तरीही एक विनंती आहे. उद्या एखादा नवा मुलगा यंत्रासमोर उभा कराल, तेव्हा तो कोणत्या तरी शाळेतून, कोणत्या तरी वर्गातून आला आहे, आणि कदाचित तेथे त्याला ‘येत नाही’ म्हणावयास मनाई होती, हे ध्यानात ठेवा. “येते ना?” असे विचारू नका, त्याचे उत्तर तो ‘हो’ असेच देईल. “करून दाखव,” असे म्हणा, आणि तो करीत असता जवळ उभे राहा.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेच सांगणे आहे. कामाला भिऊ नका. मोठे काम कोणी विश्वासाने दिले तर ते आनंदाने घ्या. परंतु घेताना विचारा: हे मला कोण दाखवील? अडले तर मी कोणास हाक मारू? तो कोठे असेल? हे तीन प्रश्न विचारल्याने कोणी तुम्हांस भित्रे म्हटले, तर म्हणू द्या. बोटे दहाच असतात.

त्या सायंकाळी तो मुलगा नुसती हकीकत सांगावयास आला नव्हता. पुष्कळ वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने मुद्द्याची गोष्ट काढिली. त्याला पुढे पदविकेचा अभ्यास करावयाचा होता. पण उरलेल्या बोटांत पेन नीट बसत नव्हते. तो म्हणाला, “बाई, मला लिहिता येत नाही आता. शिकवाल का परत?”

माझ्या वर्गात हे शब्द प्रथमच उच्चारले गेले. त्यानंतर अडीच महिने, शाळा सुटल्यावर, आठवड्यातून तीन दिवस तो येत असे. आम्ही पहिलीच्या मुलांची दुरेघी वही आणिली. अंगठा आणि अनामिका ह्यांत पेन धरून त्याने ‘अ’पासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी एक पान लिहावयास पाऊण तास लागला. जूनमध्ये त्याने पदविकेच्या प्रवेशाचा अर्ज भरला, आणि त्यावरील नाव, पत्ता व सही ही सर्व त्याच्या उजव्या हातची आहेत.

फळ्यावरची ती पाटी मी मार्चमध्येच उतरविली. तिच्या जागी नवी लावावी की नाही, ह्याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी एक लाविली. तीवर त्याच मुलाने लिहून दिलेली तीन अक्षरी आज्ञा आहे: “दाखवा.” अक्षर थोडे वाकडे आहे, पण शेवटच्या बाकावरूनही वाचता येते.